वळवाचा अंदाज कसा वाचावा: तीन महिन्यांपासून तीन तासांपर्यंत

मार्च उजाडला की दोन तऱ्हेच्या बातम्या एकाच वेळी येऊ लागतात. एक म्हणते, ‘यंदाचा उन्हाळा कडक’. दुसरी म्हणते, ‘पुढील तीन तासांत विजांच्या कडकडाटासह पाऊस’. पहिली तीन महिन्यांची गोष्ट सांगते आणि दुसरी तीन तासांची. नव्याने अंदाज वाचणारे दोन्ही एकाच तराजूत तोलतात. मग कडक उन्हाळा सांगितला असताना गारा पडल्या की ‘अंदाज चुकला’ म्हणतात, आणि आभाळ मोकळं दिसलं की तीन तासांचा इशारा सोडून देतात. हंगामी अंदाज खरेदीसाठी आणि नियोजनासाठी वापरायचा, आठवड्याचा अंदाज कामं पुढे-मागे करण्यासाठी, आणि वीज टाळायची ती रडार, आभाळ आणि आपले कान यांच्या भरवशावर. पुढचे टप्पे महाराष्ट्रापुरते, मोठ्या चित्राकडून लहान चित्राकडे असे मांडले आहेत.

१. आधी आपला उपविभाग पक्का करा

भारतीय हवामानशास्त्र विभागाने देशाचे ३६ उपविभाग पाडले आहेत. त्यांतले चार आपले: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. पुणे, सातारा, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर, सोलापूर हे सगळे ‘मध्य महाराष्ट्रा’त मोडतात. बातमीत ‘मध्य महाराष्ट्रात पाऊस’ असं आलं तर त्यात महाबळेश्वरही आलं आणि सांगोलाही. म्हणून उपविभागाचा अंदाज फक्त दिशा समजण्यासाठी वाचायचा. निर्णय घ्यायचा तो जिल्ह्याच्या इशाऱ्यावर.

२. हंगामी अंदाजात काय असतं, काय नसतं

फेब्रुवारीच्या शेवटी मार्च ते मे, आणि मार्चच्या शेवटी एप्रिल ते जून या काळाचा अंदाज येतो. सोबत रंगीत नकाशा असतो. या नकाशावरचे रंग तापमान दाखवत नाहीत, ते शक्यता दाखवतात. सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतकं आणि सरासरीपेक्षा कमी असे तीन गट धरतात. काहीच माहिती नसती तर प्रत्येक गटाला ३३ टक्के वाटा मिळाला असता. समजा विदर्भावर ‘सरासरीपेक्षा जास्त’ या गटाची ५५ टक्के शक्यता दाखवली. त्याचा अर्थ पारडं उष्णतेकडे झुकलेलं आहे, पण उरलेले ४५ टक्के अजून शिल्लक आहेत. ‘तापमान ५५ टक्क्यांनी वाढणार’ असा अर्थ लावून फिरणारे संदेश दरवर्षी येतात, ते तिथल्या तिथे पुसून टाकावेत.

या नकाशातून किती अंश जास्त ते कळत नाही आणि कोणत्या आठवड्यात तेही कळत नाही. किमान तापमानाचा नकाशा वेगळा असतो आणि तो बहुतेक जण उघडतच नाहीत. खरं तर पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी, कोंबड्यांच्या शेडसाठी, रात्रपाळीच्या कामगारांसाठी तोच जास्त कामाचा. रात्री गार झाल्या नाहीत तर शरीराला दिवसाच्या उष्णतेतून सावरायला वेळच मिळत नाही.

पावसाचा हंगामी नकाशा उन्हाळ्यात जरा हातचं राखून वाचायचा. मध्य महाराष्ट्र आणि मराठवाड्यात एप्रिलच्या पावसाची सरासरीच थोड्या मिलिमीटरांत असते. एखाद्या गावावर एक दणकट वळीव कोसळला की तिथला महिना ‘सरासरीपेक्षा जास्त’ होऊन बसतो, आणि शेजारचं गाव कोरडंच राहतं.

आणखी एक गैरसमज म्हणजे कडक उन्हाळा असला की वादळं कमी. तसं नसतं. उष्णता हा वळवाचा अर्धा शिधा. उरलेला अर्धा म्हणजे बाष्प. ते वेळेवर आलं तर कडक उन्हाळ्यातच मोठे ढग उभे राहतात.

या अंदाजावरून ठरवायचं ते एवढंच: पाण्याचा टँकर, शेडनेट, चारा, ताडपत्री आधी आणून ठेवायची का, कामगारांच्या वेळा पहाटेकडे सरकवायच्या का. लग्नाचा मुहूर्त किंवा काढणीची तारीख यावरून ठरवू नये.

३. उष्णतेच्या लाटेचा हिशेब

‘लाट’ हा शब्द हवामान विभाग मोजून वापरतो. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश, किनारपट्टीवर ३७, डोंगराळ भागात ३० असलं पाहिजे आणि ते त्या दिवसाच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असलं पाहिजे. फरक ६.४ च्या वर गेला तर तीव्र लाट. पारा थेट ४५ वर पोचला तर फरक न पाहता लाट, ४७ वर तीव्र लाट. शिवाय उपविभागातल्या किमान दोन हवामान केंद्रांवर सलग दोन दिवस ही स्थिती असावी लागते.

मार्चमध्ये मुंबईची सरासरी ३३ च्या आसपास असते. तिथे ३८ झालं की फरक ५ अंशांचा, म्हणजे लाटेची तापमानाची अट पुरी. नागपुरात मे महिन्यात सरासरीच ४२ च्या घरात, त्यामुळे ४४ अंशांना नागपूरकर भाजून निघाला तरी कागदावर लाट नसते. म्हणून ‘लाटेचा इशारा नाही’ याचा अर्थ ‘उन्हात काम करायला हरकत नाही’ असा कधीच घेऊ नये.

४. आठवड्याचा अंदाज: शब्द आणि रंग

दर गुरुवारी पुढच्या काही आठवड्यांचा विस्तारित अंदाज येतो. त्यात पाहायच्या गोष्टी दोन. एक, उत्तरेत पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडून उत्तर भारतात येणारी थंड, दमट हवेची प्रणाली) येतोय का. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातल्या गारपिटीमागे बहुधा तोच असतो. दुसरी, विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटकापर्यंत हवेच्या कमी दाबाचा पट्टा किंवा वाऱ्यांची खंडितता दिसते का. या रेषेच्या एका बाजूने बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात, दुसऱ्या बाजूने कोरडे आणि तापलेले. दोन्ही भिडतात तिथे हवा वर ढकलली जाते. एप्रिल-मे मधले बरेचसे वळीव याच रेषेच्या आजूबाजूला फुटतात. बातमीत ही रेषा आली की ती आपल्या जिल्ह्याच्या किती जवळून जाते ते नकाशावर बोट ठेवून पाहावं.

मग रोजचा जिल्हानिहाय अंदाज. यातले शब्द सैल वाटतात, पण ते मोजलेले आहेत. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५०, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ आणि त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. वळवाच्या दिवसांत बहुतेक वेळा ‘तुरळक ठिकाणी’ हाच शब्द येतो आणि लोक तो वाचून निर्धास्त होतात. तुरळक हा शब्द पसाऱ्याबद्दल आहे, जोराबद्दल नाही. दहा गावांतल्या दोनच गावांवर ढग फुटेल, पण त्या दोन गावांत पत्रे उडतील.

रंगांचंही तसंच. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग ठरवताना शक्यता आणि होणारा परिणाम दोन्ही धरतात. पिवळ्या दिवशी वीज पडत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. विजेला माणूस मारायला नारिंगी रंग लागत नाही.

दोन बारीक गोष्टी नवख्यांना हमखास चकवतात. हवामान विभागाचा दिवस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा असतो. शुक्रवारचा इशारा शुक्रवारी रात्री बारा वाजता संपत नाही, शनिवारी सकाळपर्यंत चालतो. आणि पाचव्या दिवसाचा रंग हा कच्चा रंग, तो रोज दुपारी बदलू शकतो. व्हॉट्सॲपवर आलेला नकाशा उघडला की पहिल्यांदा ‘जारी केल्याची तारीख व वेळ’ पाहावी. ती कापलेली असेल तर नकाशा रद्दीत.

उन्हाळ कांद्याचं उदाहरण घेऊ. समजा मंगळवारच्या अंदाजात नाशिक जिल्ह्याला शुक्रवारपासून पिवळा रंग आहे, सोबत ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’. उपटलेला कांदा पातीखाली झाकून शेतात तीन-चार दिवस सुकवावा लागतो, मग मान ठेवून पात कापायची आणि सावलीत न्यायचा. मंगळवारी नवीन वाफे उपटले तर ते नेमके शुक्रवारी उघड्यावर असतील. म्हणून मंगळवारी काढणी थांबवायची, आधी उपटलेला माल गुरुवार संध्याकाळपर्यंत कापून कांदाचाळीच्या छपराखाली घ्यायचा आणि उरलेलं पीक जमिनीतच राहू द्यायचं. जमिनीतला कांदा एका सरीने सडत नाही, उपटून भिजलेला मात्र पुढे चाळीत बाकीच्यांना घेऊन सडतो. ताडपत्री टाकावी लागलीच तर पाऊस थांबताच ती उचलायची. उन्हात तशीच राहिली तर आतल्या आत घाम धरतो आणि पावसाइतकंच नुकसान होतं. तासगाव भागातल्या बेदाणा शेडवाल्यांनाही हेच गणित लागतं, फक्त त्यांचा माल साधारण दोन आठवडे उघड्या बाजूंच्या शेडमध्ये असतो, म्हणून बाजूचे पडदे इशारा पिवळा असतानाच बांधून तयार हवेत.

शेतीच्या सल्ल्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्हावार कृषी हवामान पत्रक निघतं, ते ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतं. रोजचे इशारे ‘मौसम’ ॲपवर. दोन्ही ठेवा. फोनमध्ये आधीपासून असलेलं, ढगाचं चित्र आणि ‘४० टक्के’ दाखवणारं ॲप वळवासाठी फारसं उपयोगी नाही. त्याच्या आकडेमोडीत दहा-वीस किलोमीटर रुंदीचा ढग नीट पकडला जात नाही.

५. सकाळचं काम: दवबिंदू पाहा, आर्द्रता नको

पिवळा किंवा नारिंगी रंग असलेल्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास दोन आकडे लिहून काढा: आजचं अपेक्षित कमाल तापमान आणि आत्ताचा दवबिंदू. हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की दव धरू लागतं तो दवबिंदू; हवेत बाष्प जास्त तर तो जास्त. सापेक्ष आर्द्रतेवर विसंबू नका, कारण हवेतलं बाष्प तेवढंच राहिलं तरी तापमानाबरोबर ती बदलते. दवबिंदू १५ अंश असेल तर सकाळी २८ अंशांना आर्द्रता ४५ टक्के दिसते आणि दुपारी ४० अंशांना तीच २३ टक्के. बाष्प कुठेही गेलेलं नाही, आकडा मात्र निम्मा झाला.

घाटमाथ्याच्या पूर्वेला मार्च-एप्रिलमध्ये दवबिंदू ८-१० अंशांच्या खाली असेल तर मोठा ढग उभा राहायला शिधा अपुरा. काल ९ होता आणि आज १६ झाला, तर रात्रीतून दमट हवा आत शिरली आहे. सकाळी अंगाला चिकचिक, झाडाचं पान हलत नाही, ही कुंद हवा म्हणजे तोच आकडा अंगाने वाचणं.

आता त्याच दोन आकड्यांतून ढगाचा तळ किती उंच असेल ते काढता येतं. कमाल तापमानातून दवबिंदू वजा करा आणि येणाऱ्या फरकाला १२५ ने गुणा, उत्तर मीटरमध्ये. सोलापुरात ४० आणि १५ असेल तर फरक २५, तळ साधारण ३,१०० मीटरवर. कोकणात ३४ आणि २५ असेल तर फरक ९, तळ सुमारे १,१०० मीटरवर. हे कोरडं गणित नाही. ३ किलोमीटर उंचीवरून पडणारं पाणी वाटेतल्या कोरड्या हवेत बरंचसं विरून जातं. विरताना ती हवा गार आणि जड होते, धाडकन खाली आदळते आणि जमिनीवर पसरते. म्हणून देशावरच्या वळवात पाऊस थोडा आणि वारा, धूळ, विजा जास्त. दोन आकड्यांमधला फरक मोठा असेल त्या दिवशी आधी वाऱ्याची तयारी करा: पत्र्यांचे हूक आणि बोल्ट, मांडवाचे ताण, बांधकामावरच्या सुट्या शीट, गच्चीवरच्या कुंड्या आणि सौर पॅनेलच्या पट्ट्या. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला जाहिरातीचा महाकाय फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा जीव गेला, तो अशाच धुळीच्या वादळात. पाऊस येईल म्हणून लोक जिथे आडोसा घेतात तिथेच वाऱ्याने पडणाऱ्या वस्तू उभ्या असतात.

गारांचा धोका फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. तेव्हा वरच्या थरात थंड हवा आलेली असते, गोठणपातळी (तापमान शून्यावर येतं ती उंची) मे महिन्यापेक्षा खाली असते आणि गार वितळायच्या आत जमिनीवर पोचते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट राज्यातले द्राक्ष आणि रब्बी पिकवणारे अजून विसरलेले नाहीत. उलट मे महिन्यात ढग कितीही काळा दिसला तरी बऱ्याच गारा वाटेत वितळून टपोरे थेंब होऊन पडतात. गारपिटीचा इशारा वेगळा दिला जातो, तो ‘गडगडाटासह पाऊस’ या शब्दांत गृहीत धरू नका.

६. दुपारी: ढग आणि रडार

सकाळी दहा-अकराला कापसाचे छोटे पुंजके दिसले तर काळजी नाही. काळजी त्यांच्या वाढीची. बारा ते दोनच्या दरम्यान पुंजका रुंदीपेक्षा उंचीला जास्त वाढू लागला आणि त्याचा माथा फुलकोबीसारखा, कडा चाकूने कापल्यासारख्या धारदार दिसल्या, तर आतली हवा अजून जोरात वर चढते आहे. पुढे माथ्याच्या कडा विस्कटतात, पिंजलेल्या कापसासारख्या होतात आणि वरचा भाग ऐरणीसारखा आडवा पसरतो. इथे वीज सुरू झालेली असते, ती ऐकू आली नसली तरी.

पावसाळ्याची सवय म्हणून लोक पश्चिमेकडे बघत बसतात. वळवाला दिशा ठरलेली नाही, तो पूर्वेकडूनही येतो. त्यामुळे चारही बाजू पाहा, किंवा रडार उघडा.

राज्यात मुंबई आणि नागपूर ही डॉप्लर रडारची जुनी ठिकाणं, त्यांची चित्रं हवामान विभागाच्या संकेतस्थळावर साधारण दर १० मिनिटांनी बदलतात. वाचायची पद्धत अशी:

चित्रावरची वेळ पाहा. ती बहुधा जागतिक वेळेत असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. ०९:३० लिहिलं असेल तर ते आपले दुपारचे ३ आहेत. हे न कळल्यामुळे ‘रडार सकाळचंच चित्र दाखवतंय’ म्हणून ॲप काढून टाकणारे बरेच असतात.

मग रंगांची पट्टी. ढगातून रडारकडे परतणाऱ्या लहरींचा जोर डीबीझेडमध्ये मोजतात: २०-३० डीबीझेड म्हणजे हलका पाऊस, ४० च्या वर जोरदार, ५५ च्या वर गारांची शंका घ्यायची.

नंतर वेग काढा. दोन लागोपाठच्या चित्रांत ढगाचा गडद भाग किती सरकला ते मोजा. १० मिनिटांत ५ किलोमीटर सरकला तर ताशी ३०. तो २५ किलोमीटरवर असेल तर ५० मिनिटं हातात आहेत असं वाटेल. तितकी नसतात. वाऱ्याची झोत ढगाच्या पुढे काही किलोमीटर पळते आणि वीज पावसाच्या कडेपासून १० किलोमीटर दूरही पडू शकते. म्हणून २५ मधून आधीच १० वजा करा. उरले १५ किलोमीटर, म्हणजे फक्त अर्धा तास. जनावरं गोठ्यात आणायला तेवढाच वेळ धरायचा. शिवाय जुना ढग विरताना त्याच्या झोतीमुळे बाजूला नवा ढग फुटतो, त्यामुळे ‘आपल्याला चुकवून गेला’ हा निष्कर्ष अर्धा तास तरी काढू नका.

रडारच्या मर्यादाही ध्यानात असू द्या. किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे १५० किलोमीटरवर तो जमिनीपासून अडीच किलोमीटरहून जास्त उंच असतो. मुंबईच्या रडारला तर मध्ये सह्याद्री आडवा. चित्रात काहीच नाही म्हणजे तुमच्या डोक्यावर काहीच नाही असं होत नाही. अशा ठिकाणी उपग्रहाची चित्रं जोडीला घ्या, पण त्यातला पांढरा रंग म्हणजे थंड ढगमाथा एवढंच. पातळ, उंच ढगही तिथे पांढरेच दिसतात. अर्ध्या-पाऊण तासात आकाराने झपाट्याने वाढणारा, एका बाजूला कडा टोकदार असलेला पांढरा ठिपका संशयाचा.

याच वेळेला तीन तासांचा तात्कालिक इशारा येतो. त्यात वाऱ्यावरून वादळाची प्रतवारी असते: झोतीचा वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत हलकं, ४१ ते ६१ मध्यम, ६२ ते ८७ तीव्र, त्यावर अतितीव्र. इशाऱ्यातली वेळ संपली की तो शिळा झाला, नवा पाहायचा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप याहून जवळचं. तुमच्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का ते ते दाखवतं. फोनचं लोकेशन आणि नोटिफिकेशन चालू ठेवल्याशिवाय त्याचा उपयोग नाही. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे नोटिफिकेशन दडपली जातात, हे आधी तपासा. आणि रानात रेंज नसते तिथे ॲप गप्प राहतं, त्याचा अर्थ आभाळ गप्प आहे असा नाही.

७. वीज: इथे सेकंद मोजायचे

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, उत्तर किलोमीटरमध्ये. ३० सेकंदांच्या आत गडगडाट आला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे, आणि तेवढं अंतर पुढची वीज सहज कापते. मोजत बसायला वेळ नसेल तर नियम त्याहून सोपा: गडगडाट ऐकू आला की आत. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही, आणि मध्येच पुन्हा वाजलं तर ३० मिनिटं नव्याने सुरू. मुलांचा क्रिकेटचा सामना असो की विटभट्टीवरचं काम, घड्याळ लावणारा माणूस एकच आणि आधी ठरलेला असावा. नाहीतर ‘आता थांबलंय की’ म्हणणारा कुणीतरी निघतोच. बरेच जण सापडतात ते वादळाच्या मध्यावर नाही, ते सुरू होताना किंवा सरताना.

आत म्हणजे कुठे? भिंती-स्लॅबचं, वायरिंग आणि नळ असलेलं पक्कं घर, किंवा लोखंडी छताची, काचा वर केलेली बंद गाडी. दुचाकी, उघडा ट्रॅक्टर, बैलगाडी, मळ्यातली झोपडी, बसथांब्याचं शेड, मंडप यांपैकी काहीही ‘आत’ नाही. यांत पाऊस चुकतो, वीज चुकत नाही. घरात असताना वायर जोडलेली यंत्रं, नळ, अंघोळ, लोखंडी खिडकीचे गज यांपासून दूर. विहिरीवरची मोटार आणि स्टार्टर वादळ यायच्या आधी बंद करून ठेवायचा, कडकडाट सुरू झाल्यावर स्टार्टरच्या पेटीला हात लावायला धावायचं नाही. सुटा मोबाइल वीज ओढून घेत नाही, तो चार्जरला लावलेला नसला म्हणजे झालं.

रानात अडकलात तर झाडाखाली नको, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी पाऊस आला की पाय तिकडेच वळतात. त्याचं कारण कळलं तर पाय थांबतील. झाडावर पडलेली वीज खोडातून बाजूच्या माणसाकडे उडी मारते, आणि जमिनीत शिरून मुळांच्या वाटेने पसरते. जमिनीवर दोन पावलं एकमेकांपासून लांब असतील तर एका पायातून दुसऱ्या पायात प्रवाह जातो. गायी-म्हशींच्या पुढच्या आणि मागच्या पायांत सुमारे दीड मीटर अंतर असतं, म्हणून झाडाखाली उभी असलेली जनावरं एकाच विजेत एकदम दगावतात. त्यांना झाडाला किंवा तारेच्या कुंपणाला बांधू नये. माणसांनी टेकाड, विजेचा खांब, पाण्याची कड, तारेचं कुंपण सोडून सखल जागी जावं, एकमेकांत अंतर ठेवावं, पाय जुळवून खाली बसावं. आडवं पडू नये. ही बसण्याची पद्धत सुरक्षित नाही, फक्त कमी वाईट आहे. पक्क्या घरापर्यंत पोचता येत असेल तर बसू नका, चालू लागा. गडावर असाल तर उन्हाळ्याच्या दिवसांत दुपारच्या आत माथा सोडायचा, आणि ढग दिसताच लोखंडी शिड्या-रेलिंगपासून दूर राहायचं.

गावात वीजरोधक बसवला म्हणजे सगळी शिवार सुरक्षित, हा समज धोक्याचा. वीजरोधक ज्या इमारतीवर आहे तिला वाचवतो आणि तेही त्याची जमिनीतली जोडणी शाबूत असेल तर. तांब्याची पट्टी चोरीला गेलेला किंवा अर्थिंगचा खड्डा सुकून गेलेला वीजरोधक नसल्यात जमा. मार्चमध्येच इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंगचा रोध मोजून घ्या, तो १० ओहमच्या आत हवा.

कुणावर वीज पडलीच तर त्या माणसाला लगेच हात लावता येतो, त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. १०८ ला फोन लावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब सुरू करा आणि मदत येईपर्यंत थांबू नका. एकाच वेळी अनेक जण पडले असतील तर कण्हणाऱ्याला क्षणभर बाजूला ठेवून निपचित पडलेल्याकडे आधी जा. कण्हणारा श्वास घेतोय. निपचित पडलेल्याचं हृदय विजेने थांबलेलं असतं आणि ते वेळेत दाब दिल्याने पुन्हा सुरू होऊ शकतं. शेणात किंवा मातीत पुरून ठेवण्याच्या प्रकारात नेमकी हीच मिनिटं वाया जातात.

८. वादळ गेल्यावर

शेवटच्या गडगडाटाला अर्धा तास झाला की बाहेर पडा, पण अंधारात नको. तुटलेली तार ओल्या पिकात दिसत नाही. दिसली तर तिच्या जवळ न जाता १९१२ वर महावितरणला कळवा, आणि इतरांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. पत्र्यावर चढण्याआधी मेन स्विच बंद.

नुकसान झालं असेल तर आवरायच्या आधी फोटो काढा, तलाठ्याला त्याच दिवशी कळवा आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला त्याला जोडावा लागतो. माणूस दगावला असेल तर शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, दुःखात तो राहून जातो आणि मदतीचं प्रकरण तिथेच अडतं. पीक विमा उतरवला असेल तर गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचा समावेश तुमच्या त्या हंगामाच्या पॉलिसीत आहे का, ते मार्चमध्येच वाचून ठेवा.

हे सगळं मृग लागेपर्यंत करायचं असं पूर्वी ठरलेलं असे. मान्सूनची नेहमीची तारीख केरळात १ जून, मुंबईत ११ जून. २०२५ मध्ये तो केरळात २४ मे ला आणि मुंबईत २६ मे ला दाखल झाला, आणि मे महिना राज्यात बऱ्याच ठिकाणी ओलाच गेला. तेव्हा चाळीचं छप्पर, पत्र्यांचे बोल्ट आणि अर्थिंग यांची कामं मेच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका; ती एप्रिल संपायच्या आत उरकलेली असावीत.